मध्यमलहरी बंद पडू देऊ नका

जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रातला प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचं काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा आदेश निघाला. पुणेकर गप्प बसले नाहीत. वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला, वेगवेगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी दिल्लीला पत्रं पाठवली आणि काही दिवसांतच केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनी आदेशाला स्थगिती दिली. आवाज उठवला की तो ऐकला जातो, हे त्यातून दिसलं. पण पुण्याकडे आवाज होता: तिथे वर्तमानपत्रं आहेत, साहित्य संस्था आहेत, दिल्लीत ओळख असलेली माणसं आहेत. जिथे यातलं काहीच नाही, अशा भागातला प्रक्षेपक बंद होतो तेव्हा त्याची चार ओळींची बातमीही येत नाही. गेल्या काही वर्षांत देशभरातले आकाशवाणीचे कितीतरी मध्यमलहर आणि लघुलहर प्रक्षेपक असेच एकेक करून थांबले. एखाद्या सकाळी म्हातारा माणूस रेडिओचं बटण फिरवतो, नेहमीच्या जागी नुसती खरखर येते आणि त्याला वाटतं, आपला संचच बिघडला.

हे थांबवायला हवं, आणि ते आपल्या हातात आहे. म्हणून हा लेख.

आधी प्रक्षेपण केंद्र काय असतं ते नीट पाहू. आकाशवाणीचा स्टुडिओ शहरात असतो. लोकांना माहीत असते ती इमारत ही. खरं यंत्र असतं गावाबाहेर, मोकळ्या माळावर. तिथे तारांनी ताणून धरलेला लोखंडी मनोरा उभा असतो. मध्यमलहरीच्या केंद्रात हा मनोराच अँटेना असतो, तो नुसता अँटेना धरून ठेवणारा खांब नव्हे. पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची लहर जवळजवळ ३८० मीटर लांब असते, त्यामुळे मनोराही उंच लागतो. त्याच्या बुंध्यापासून चारी दिशांना, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या, तांब्याच्या तारा जमिनीखाली पुरलेल्या असतात. वरून पाहणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही, रिकामं माळरान दिसतं. शहर वाढत वाढत त्या माळापर्यंत आलं की जमिनीवर डोळा असणाऱ्यांनाही रिकामं माळरानच दिसतं. पण ती जमीन रिकामी नसते. मातीतल्या त्या तारा काढल्या तर मनोऱ्याचा आवाज अर्ध्या वाटेतच संपेल.

या यंत्राचं काम एफएमपेक्षा वेगळं आहे. एफएमची लहर सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की थांबते. वेल्हे, मुळशी, भोर, पाटण, जावळी या भागांत एका वळणावर एफएम स्वच्छ लागतं आणि पुढच्या वळणावर गायब होतं. मध्यमलहर जमिनीला धरून, चढउतारावरून, दिवसा शे-दीडशे किलोमीटर सहज जाते. रात्री ती वरच्या वातावरणातून परावर्तित होऊन आणखी लांब पोचते. सांगली केंद्राची १२५१ किलोहर्ट्झची लहर राज्याची हद्द मानत नाही. निपाणी-बेळगावकडची मराठी माणसं तिच्यावर वाढली आहेत. आणि ऐकणाऱ्याला काय लागतं? दोन सेल आणि एक छोटा संच. रिचार्ज नको, नोंदणी नको, पासवर्ड नको. कोण ऐकतंय, कुठे ऐकतंय, काय ऐकून काय विकत घेतंय, याची नोंद कुणाकडेही होत नाही. आजच्या जगात असं माध्यम दुसरं उरलेलं नाही.

सरकारचं म्हणणं असं की एफएम वाढवतो आहोत, आवाज जास्त स्वच्छ आहे, मग मध्यमलहरी कशाला? जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने प्रसारभारतीच्या यंत्रणेसाठी सुमारे २,५४० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पैसे आले ही चांगलीच गोष्ट. पण त्या वेळी सरकारने स्वतःच जाहीर केलेले आकडे वाचा. योजना पूर्ण झाल्यावर आकाशवाणीचं एफएम देशाच्या ६६ टक्के भूभागात आणि ८० टक्के लोकसंख्येपर्यंत पोचेल. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी देशाची एक तृतीयांश जमीन आणि दर पाच माणसांतला एक माणूस एफएमच्या बाहेरच राहणार. आकाशवाणी वर्षानुवर्षं अभिमानाने सांगत आली की तिचा आवाज ९९ टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत जातो. तो आकडा मध्यमलहरींच्या जिवावर होता. त्या काढल्या की तो आकडाही जातो, आणि आकड्यामागची माणसंही जातात. ती माणसं कोण? नंदुरबारच्या डोंगरातली, गडचिरोलीच्या जंगलातली, सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांवरची. ज्यांच्याकडे बाकी काही नीट पोचत नाही तीच.

समुद्रावरच्या माणसांचं तर वेगळं सांगायला हवं. किनारा सोडून पुढे गेलं की मोबाइलची एकेक काडी कमी होत जाते आणि मग फोन नुसता घड्याळापुरता उरतो. मध्यमलहर मात्र खाऱ्या पाण्यावरून जमिनीपेक्षाही लांब जाते. खारं पाणी तिला उत्तम वाहून नेतं. कोकणातल्या जुन्या तांडेलांना यामागचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. पण होडीवर ट्रान्झिस्टर हवाच, हे त्यांना पक्कं माहीत होतं. दर्या खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, एवढं वाक्य वेळेवर कानावर पडलं की नौका मागे वळते.

२०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ओखी वादळ उठलं तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या असंख्य नौका आधीच खोल समुद्रात होत्या. किनाऱ्यावर इशारे निघत होते, ते नौकांपर्यंत पोचायला वाट नव्हती. कित्येक मच्छीमार परत आले नाहीत. नऊशेहून अधिक जण वाऱ्यापुढे जीव मुठीत धरून थेट आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागले. त्यानंतर उपग्रहावरून संदेश देणाऱ्या यंत्रांची चर्चा झाली, काही वाटलीही गेली. ती जरूर द्यावीत. पण प्रत्येक छोट्या होडीवर ती जाईपर्यंत, आणि गेल्यावरसुद्धा, साधा, स्वस्त रेडिओ हा गरिबाचा आधार आहे. तो आधार काढून घेण्याचा हक्क कुणाला आहे?

जमिनीवरही हेच घडलं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले, आणि रायगड-दापोलीतली कित्येक गावं दिवसेंदिवस जगापासून तुटली. मुंबईत बसलेल्या मुलाला आई-वडील जिवंत आहेत की नाहीत हे कळत नव्हतं. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात आणि २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरातही सगळ्यात आधी वीज गेली, मग फोन गेला. मोबाइलचं जाळं शेकडो छोट्या मनोऱ्यांवर उभं असतं आणि ते सगळे त्याच पुरात, त्याच वाऱ्यात सापडतात. मध्यमलहरीचा एक मनोरा शंभर किलोमीटर लांब, कोरड्या जागी उभा राहून पुरात अडकलेल्या माणसाशी बोलू शकतो. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यांची जाड पुस्तकं दर जिल्ह्यात आहेत. त्यांच्या पहिल्या पानावर हा मनोरा असायला हवा.

आता कुणी म्हणेल, हा आकाशवाणीचा घरगुती प्रश्न. त्यात जागतिक धोरणाचा काय संबंध? संबंध मुळातलाच आहे. लहरींना सीमा नसते. म्हणूनच तारयंत्राच्या काळात, १८६५ मध्ये, देशांनी पॅरिसला एकत्र येऊन एक आंतरराष्ट्रीय संघ काढला. आज तोच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जिनिव्हात काम करतो. १९७५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत आशिया, युरोप, आफ्रिकेतल्या देशांनी मध्यमलहरींची वाटणी ठरवली. कुठल्या देशाने कुठल्या गावातून, किती किलोहर्ट्झवर, किती ताकदीने बोलायचं याचा तो करार. आपल्या रेडिओच्या तबकडीवरचे नऊ-नऊ किलोहर्ट्झचे टप्पे तिथून आले. त्या टेबलावर कंपनी बसत नाही, संस्था बसत नाही, व्यक्ती बसत नाही. सही असते ती देशाच्या सरकारची. भारताच्या वाट्याची प्रत्येक लहर सरकारने तुमच्याआमच्या वतीने मिळवलेली आहे. विश्वस्ताने ठेव मोडायची तर ठेवीदाराला विचारावं लागतं. आपल्याला कुणी विचारलं?

सोडलेली जागा मोकळी राहत नाही, हे ऑस्ट्रेलियाने अनुभवलं. पॅसिफिकमधल्या बेटांवर रेडिओ ऑस्ट्रेलियाची लघुलहर सेवा अनेक दशकं ऐकली जात होती. ३१ जानेवारी २०१७ ला खर्चाचं कारण सांगून ती बंद केली. वानुआतूसारख्या बेटांवरची माणसं विनवत राहिली की चक्रीवादळात आम्हाला हाच एक आवाज ऐकू येतो. सेवा बंद झाली ती झालीच. पुढे त्यातल्या काही कंप्रतांवर चीनच्या सरकारी रेडिओचा आवाज येऊ लागला. मग ऑस्ट्रेलियाच्या संसदेत चर्चा झाली, पश्चात्तापाची भाषणं झाली. न्यूझीलंडने मात्र धडा घेतला आणि पॅसिफिकसाठी नवा लघुलहर प्रक्षेपक बसवला.

बीबीसीची गोष्ट त्याहून अलीकडची आहे. तिची अरबी रेडिओ सेवा १९३८ पासून चालू होती. जानेवारी २०२३ मध्ये पैसे वाचवण्यासाठी ती थांबवली. आता सगळे इंटरनेटवर ऐकतात असं सांगितलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गाझात युद्ध पेटलं, वीज गेली, इंटरनेट गेलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच बीबीसीने गाझातल्या लोकांसाठी तातडीची रेडिओ सेवा सुरू केली, आणि ती मध्यमलहरीवर सुरू केली. युक्रेनवर हल्ला झाल्यावर मार्च २०२२ मध्येही तिला लघुलहरीकडे परत वळावं लागलं होतं. बीबीसीकडे परत वळायला यंत्रं शिल्लक होती. आपण मनोरे उतरवून भंगारात विकले आणि तांब्याच्या तारा उपसून जमीन दिली, तर आपल्याकडे परत वळायला काय असेल?

अमेरिकेत वाहन कंपन्यांनी विजेवरच्या गाड्यांतून मध्यमलहरीचा रेडिओ काढायला सुरुवात केली तेव्हा आपत्तीचे इशारे कसे पोचणार म्हणून दोन्ही पक्षांचे खासदार एकत्र आले, आणि फोर्डने २०२३ मध्ये आपला निर्णय फिरवला. ही त्या देशाची चांगली बाजू. वाईट बाजूही तिथेच आहे. १ फेब्रुवारी १९४२ पासून बोलत आलेली व्हॉइस ऑफ अमेरिका ही रेडिओ सेवा मार्च २०२५ मध्ये एका सरकारी आदेशाने जवळजवळ मुकी झाली. जवळपास सगळे कर्मचारी एकदम सक्तीच्या रजेवर. आठ दशकांत उभी राहिलेली संस्था आडवी व्हायला एक सही पुरते.

आपल्या इतिहासात तर हा धडा फार आधी गिरवून झाला आहे. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार केलं. शास्त्रीय संगीतावर त्यांचं निस्सीम प्रेम होतं, आणि संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, रेडिओ संगीत संमेलन ही त्यांचीच देणगी. पण लोकांना हवं होतं ते त्यांनी बंद केलं, आणि लोक समुद्रापलीकडे गेले. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या सैन्यासाठी कोलंबोजवळ उभारलेला एक ताकदवान प्रक्षेपक रेडिओ सिलोनच्या हाती होता. अमीन सायानी मुंबईत 'बिनाका गीतमाला' ध्वनिमुद्रित करत, फिती कोलंबोला जात, आणि भारतातली गाणी भारतातल्याच घरांत परदेशातून ऐकू येत. जाहिरातींचा पैसाही तिकडेच जाई. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करून सरकारला आपली चूक दुरुस्त करावी लागली. तेव्हा रिकामी जागा भरायला शेजारी देशाचा रेडिओ आला होता. आज ती भरायला कॅलिफोर्नियातल्या दोन-चार कंपन्या बसल्या आहेत. गावातल्या पोराला सकाळी उठल्यावर काय दिसावं, काय ऐकू यावं, हे त्यांचं गणित ठरवतं. ते गणित सांगोल्यातल्या डाळिंबावर रोग पडलाय म्हणून त्याच्यासाठी कार्यक्रम बनवणार नाही. कोरकू, भिली, गोंडी बोलणाऱ्या म्हातारीशी तिच्या बोलीत बोलणं त्याच्या नफ्यात बसत नाही. हे काम पूर्वीही बाजाराने केलं नव्हतं. ते सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या प्रसारणाने केलं.

एक आक्षेप मात्र मला मनापासून मान्य आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आकाशवाणी सरकारची आहे, सरकारचंच बोलते, मग ती वाचवून कुणाचं भलं? २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा याच आकाशवाणीवरून देशाने ऐकली आणि पुढे आणीबाणीच्या काळात तिने दुसरा आवाज ऐकू दिला नाही. लाज वाटावी अशी गोष्ट पुढची आहे. त्याच आणीबाणीत, जुलै १९७६ मध्ये, दिल्लीत अलिप्त राष्ट्रांची परिषद भरली आणि पाश्चात्त्य वृत्तसंस्थांची मक्तेदारी मोडून गरीब देशांचा आवाज जगात पोचवायचा, म्हणून अलिप्त देशांच्या वृत्तसंस्थांचा संयुक्त संच उभा राहिला. मागणी न्याय्य होती. शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखालच्या युनेस्कोच्या आयोगाने १९८० च्या अहवालात तीच मांडली. पण जगाकडे समतोल बातम्या मागणाऱ्या सरकारने घरात चार वृत्तसंस्था मोडून एकच 'समाचार' उरवली होती आणि वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसवला होता. अशा सरकारच्या तोंडी ती मागणी दुबळी झाली. १९८४ अखेर अमेरिका आणि वर्षभराने ब्रिटन युनेस्कोतून बाहेर पडले, त्यांना 'हे सरकारी नियंत्रणासाठी चाललंय' असं म्हणायला आपणच जागा करून दिली होती.

याच मॅकब्राइड आयोगावर भारताचे एक सदस्य होते, पत्रकार बी. जी. वर्गीज. आणीबाणीनंतर आकाशवाणी-दूरदर्शनला स्वायत्तता कशी द्यावी हे सांगणाऱ्या कार्यगटाचे अध्यक्षही तेच. जगात गरीब देशांना आवाज हवा आणि देशात लोकांना सरकारपासून मोकळा आवाज हवा, या दोन्ही मागण्या एकच माणूस एकाच वेळी मांडत होता, आणि त्यात त्याला कुठेही विसंगती वाटत नव्हती. मलाही वाटत नाही. प्रसारभारती कायदा १९९० मध्ये झाला, अमलात यायला १९९७ उजाडलं, आणि पैशाच्या नाड्या आजही मंत्रालयाच्या हातात आहेत.

मधल्या काळात, ९ फेब्रुवारी १९९५ ला, सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात या वादाचं मूळ सोडवलं. तो निकाल लिहिणाऱ्यांत मुंबई उच्च न्यायालयातून तिथे गेलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी चालणार नाही आणि खासगी मक्तेदारीही चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. मनोरा सरकारने सांभाळावा, मायक्रोफोन लोकांच्या स्वतंत्र संस्थेकडे असावा, एवढाच त्याचा सरळ अर्थ. आकाशवाणी सरकारच्या तोंडची आहे म्हणून ती मरू द्यायची, हा त्या निकालावरही अन्याय आहे. तिला मोकळं करायचं असेल तर आधी ती जिवंत राहिली पाहिजे.

लहर लोकांच्या हाती आल्यावर काय होतं, हे मुंबई आणि गोवा विसरणार नाहीत. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत, पोलिसांना चुकवत, नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत. गोव्यासाठी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या जंगलातून गोवामुक्तीचा आवाज लघुलहरीवर दिला. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये, पावसाळ्यामागून पावसाळे, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत. पोर्तुगालच्या सालाझार राजवटीला सीमेवर माणसं अडवता आली, वर्तमानपत्रं दडपता आली, पण हवेतून येणारा तो आवाज अडवता आला नाही. इंटरनेटला मात्र एक बटण असतं. ५ ऑगस्ट २०१९ ला काश्मीरमध्ये ते दाबलं गेलं आणि वेगवान मोबाइल इंटरनेट परत यायला फेब्रुवारी २०२१ लागला.

मराठीपुरतं बोलायचं तर आकाशवाणीने या भाषेला काय दिलं याची यादी करायला बसलं तर लेख संपणार नाही. 'गीत रामायण' आज प्रत्येक मराठी घराचं आहे, पण ते पुणे केंद्राने १९५५-५६ मध्ये वर्षभर आठवड्याला एक गीत याप्रमाणे घडवून घेतलं म्हणून गदिमा आणि सुधीर फडके यांच्या हातून झालं. व्यंकटेश माडगूळकर त्याच पुणे केंद्रावर कितीतरी वर्षं ग्रामीण कार्यक्रम करत होते. मुंबईच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीना वहिनी लोकांना शेजारी राहत असल्यासारखे वाटत. 'कामगार सभा', 'वनिता मंडळ', 'आपली आवड' ही नुसती नावं घेतली तरी एका पिढीच्या स्वयंपाकघरातला आवाज ऐकू येतो. मला मात्र या आठवणींत रमायचं नाही. आठवणींनी मनोरा उभा राहत नाही. जळगाव, परभणी, रत्नागिरी, सांगली, पणजी या केंद्रांवर आजही थोड्या माणसांच्या बळावर, नैमित्तिक निवेदकांच्या तुटपुंज्या मानधनावर शेतीचे सल्ले, आरोग्याचे कार्यक्रम, स्थानिक कलावंतांचं गाणं रोज प्रसारित होतं. निवृत्त माणसाची जागा भरली जात नाही, स्थानिक कार्यक्रमाचे तास दिल्ली-मुंबईच्या सहक्षेपणाने भरले जातात, मग 'ऐकतो कोण?' असा प्रश्न विचारून केंद्रच कमी केलं जातं. आधी उपाशी ठेवायचं आणि मग अशक्त म्हणून काढून टाकायचं, हा न्याय नाही.

बातम्यांच्या बाबतीत तर अन्याय दुहेरी आहे. आपल्या देशात खासगी एफएम वाहिनीला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. सामुदायिक रेडिओलाही तेच बंधन. म्हणजे रेडिओवर बातमी सांगायचा हक्क कायद्याने एकट्या आकाशवाणीकडे ठेवायचा, आणि तिचेच प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायला निघायचं. तालुक्याच्या बातमीने मग जायचं कुठे? व्हॉट्सअॅपवर, अफवेच्या सोबतीने.

मध्यमलहरींचा खर्च खरा आहे, तो मी नाकारत नाही. जुने प्रक्षेपक वीज खातात, सुटे भाग मिळत नाहीत, ते दुरुस्त करणारे तंत्रज्ञ निवृत्त होत आहेत. पण त्यावरचा उपाय सरकारने स्वतःच विकत घेऊन ठेवला आहे. देशात डझनावारी ठिकाणी डिजिटल मध्यमलहर प्रक्षेपक बसवलेले आहेत. ते कमी विजेत तेवढ्याच प्रदेशाला स्वच्छ आवाज देऊ शकतात, आणि आज रस्त्यावर धावणाऱ्या बऱ्याच नव्या गाड्यांत ते ऐकायची सोयही आहे. अडलंय ते स्वस्त घरगुती संचावर. सरकारने मनात आणलं तर एवढ्या मोठ्या बाजारात तो संच बनवून घेणं अवघड नाही. एप्रिल २०२३ मध्ये मोबाइल कंपन्यांना फोनमधला एफएम रेडिओ चालू ठेवा असं सरकारने सुचवलं, ते चांगलं केलं. पण सूचना ही सूचनाच राहिली, तिचा नियम करायला हवा.

तेव्हा मागणी स्पष्ट असू द्या. एकही मध्यमलहर प्रक्षेपक बंद करण्याआधी त्या भागात एफएम किंवा डिजिटल लहर गावागावांत खरोखर पोचते का, याची मोजणी करून ती मराठीत प्रसिद्ध झाली पाहिजे आणि श्रोत्यांची सुनावणी झाली पाहिजे. किनारपट्टी आणि डोंगरी तालुक्यांतले प्रक्षेपक आपत्तीच्या यंत्रणेचा भाग म्हणून घोषित करून त्यांचा खर्च त्या खात्यातून द्यावा. प्रादेशिक वृत्तविभागांच्या जागा भराव्यात, आणि त्याबरोबर खासगी व सामुदायिक रेडिओला स्थानिक बातम्यांची मुभा द्यावी. स्पर्धेने आकाशवाणीचं भलंच होईल. प्रसारभारतीला पैसा मंत्रालयाच्या मर्जीने मिळू नये, संसदेने ठरवलेल्या सूत्राने मिळावा. हे सगळं केलं, तर उद्या भारताचा प्रतिनिधी जिनिव्हात किंवा युनेस्कोच्या पॅरिसमध्ये उभा राहून मोठ्या देशांना आणि मोठ्या कंपन्यांना चार शब्द सुनावू शकेल, आणि त्याच्या शब्दाला वजन असेल.

हे दिल्लीला आपोआप सुचणार नाही. पुण्याने ओरड केली म्हणून पुण्याचा वृत्तविभाग थांबवला गेला नाही; तसंच प्रत्येक केंद्रासाठी करावं लागेल. पुढच्या ग्रामसभेत, नगरपालिकेत, मच्छीमार सोसायटीच्या, दूधसंघाच्या बैठकीत 'आमचं आकाशवाणी केंद्र पूर्ण क्षमतेने चालू ठेवा' असा ठराव मांडा आणि त्याची प्रत खासदारांना द्या. परदेशात असाल तर ॲपवर आकाशवाणी ऐकता येते, ती ऐका, पण गावातल्या चुलत्याला ॲप नसतं हे लक्षात ठेवून तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराला एक पत्र लिहा. शिक्षक असाल तर वर्गात संच आणून मुलांना केंद्र शोधायला लावा. ऐकलेल्या कार्यक्रमाबद्दल केंद्राला पोस्टकार्ड टाका. श्रोत्यांची पत्रं हा केंद्र जिवंत असल्याचा पुरावा असतो, आणि तो पुरावा फाइलीत लागतो.

आणि आज संध्याकाळी घरातला रेडिओ काढून आपलं केंद्र मध्यमलहरीवर लागतं का ते पाहा. लागत नसेल तर प्रसारभारतीकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. आमच्या केंद्राच्या प्रक्षेपकाची मंजूर क्षमता किती किलोवॅट, सध्या तो किती किलोवॅटवर चालतो, रोज किती तास चालतो, गेल्या वर्षात किती तास बंद होता, आणि तो कायमचा बंद करण्याचा प्रस्ताव आहे का, एवढे पाच प्रश्न विचारा. उत्तर तीस दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे. अर्जाची फी दहा रुपये आहे. तो याच आठवड्यात टाका.